चपलेवर बसलेलं पिल्लू

ताई,

तुमच्या सहलीचे आज एकोणचाळीस फोटो आले. भावोजी धबधब्यापाशी, मुलं होडीत, तू बर्फात, आणि प्रत्येक फोटोखाली "तू हवी होतीस गं!" एवढी हवी होते, तर नेलं का नाहीस? दरवर्षीसारख्या घराच्या किल्ल्या तेवढ्या माझ्या हातात ठेवल्यास आणि म्हणालीस, "कुंड्यांना पाणी घाल."

तुझ्या बागेचाही मला रागच येतो. माझ्या गॅलरीत साधा कावळा फिरकत नाही, आणि तुझ्या वेलात बुलबुल येऊन घरटं बांधतात.

काल सकाळी पिल्लं उडाली. तिन्ही. शेवटचं घाबरून माझ्या चपलेवरच येऊन बसलं. मी श्वास रोखून उभी. तीन वर्षं तू या दिवसाची वाट बघितलीस, आणि तो मिळाला मला! खोटं कशाला बोलू, मुद्दामच फोटो काढला नाही. तुला कळवलं, "पिल्लं मांजराने नेली."

तुझं उत्तर लगेच आलं. "वाईट वाटून घेऊ नकोस. मी नसतानाच ती उडणार, हे मला निघतानाच माहीत होतं. म्हटलं, या वेळी तुला तरी बघायला मिळेल."

तेव्हापासून नुसता जळफळाट होतोय. मी तुझं काहीतरी चोरलं म्हणून खुशीत होते, आणि तू ते आधीच मला देऊन गेली होतीस.

एवढं एक तरी मला चोरू द्यायचंस ना, ताई.

कुंड्यांना पाणी घातलंय.

तुझी धाकटी