बँडातला ट्रँगल

सातारा,
मार्गशीर्ष, १९४६

तीर्थरूप नाथाजीमामा यांचे चरणी सयाजीचा साष्टांग नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला 'इकडे सर्व क्षेम' असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. आता खरं लिहितो. इकडे काहीच क्षेम नाही. तुमची तब्येत विचारत नाही, कारण मामीनं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड परवाच पोचलं. लढाईवरून आल्यापासून तुम्ही गोठ्याच्या पायरीवर बसून असता, जेवा म्हटलं तर जेवता, नाहीतर तसेच. शेजारच्या लग्नात बँड आला तर तुम्ही आत जाऊन कडी लावून घेतली म्हणे. तुमची पितळी पिपाणी, ते कॉर्नेट, ट्रंकेत नि ट्रंक माळ्यावर. हे वाचून मला रडू आलं, नि रडता रडता तुमचा रागही आला. आज मी ज्या खड्ड्यात आहे तो तुमच्याच हातानं खणलेला आहे, मामा.

आठवतं का, रजेवर आलात की मोटेच्या धावेवर बसून तुम्ही मला पलटणीच्या बँडाच्या गोष्टी सांगायचात? लाल कोट, पितळी गुंड्या, कॉर्नेट वाजायला लागलं की लंगडी माणसंसुद्धा ताठ चालतात. "सयाजी, बँडवाल्याला मरण न्हाई रं गड्या, जाईल तिथं लोक त्येची वाट बघत्यात." हे तुमचे शब्द. (बँडवाल्यांना लढाईत जखमींचे स्ट्रेचर उचलायला लावतात, हे तेव्हा तुम्हालाही कुणी सांगितलं नसणार.) त्या नादानं मी साताऱ्याच्या हायस्कुलात आलो. बापूंना वाटतं पोरगं इंग्रजी शिकायला गेलंय. पोरगं पहिल्याच दिवशी वर्ग सोडून बँडाच्या खोलीपुढं उभं होतं.

बँडमास्तरांचं नाव पीरमहंमद. लग्नसराईत ते स्वतःचा बँड घेऊन वराती करतात, तेव्हा शाळेचा बँड पोरका होतो. ते असले की आम्ही पोरके. मी म्हटलं, मला कॉर्नेट पाहिजे. त्यांनी दिलं. मी फुंकलं. बाहेर जे आलं ते ऐकून रस्त्यावरची एक म्हैस थांबली. मास्तर म्हणाले, "बेटा, ही फुंकर चुलीला दे, आई दुवा देईल." मग माझ्या खांद्यांकडं बघितलं नि मोठा ढोल गळ्यात अडकवला. नाकापेक्षा मोती जड! ढोलापुढं रस्ता आहे का खड्डा आहे, काही दिसत नाही. कडेनं पुढच्या पोराचा एक कान तेवढा दिसतो, त्याच्या भरवशावर चालायचं. कोट लाल आहे खरा, पण कंट्रोलच्या दिवसांत नवं कापड कुठलं मिळायला? आधीच्या ढोलवाल्याचा आहे, नि तो काडीपैलवान होता. (गुंड्या पितळी आहेत. लागत मात्र नाहीत.)

नि वाजवायचं तरी काय? डावा पाय पडला की धुम्म. संपलं. उजव्या पायाचं नशीबच फुटकं. आमच्या गावच्या पालखीत मी ढोल घुमवायचो तेव्हा तुम्हीसुद्धा खांदे उडवायचात. इथं जरा हात फिरवला की मास्तर ओरडतात, "नुसतं धुम्म!" पेठेतल्या पोरांची आपापसांत गट्टी आहे. त्यांच्या आया मधल्या सुट्टीत डबे पाठवतात, मी ढोलाआड बसून शिळी भाकरी मोडतो. लय एकटं वाटतं मामा, खोटं कशाला सांगू.

आता मुख्य दुःख. शाळेचं संमेलन होतं. बँडानं पेठेतून वाजवत मैदानावर जायचं, तिथं मांडवात मोठे पाहुणे बसलेले. मोठा ढोल म्हणून मी सगळ्यांत मागं. निम्म्या वाटेवर बोळातून देवीची पालखी निघाली नि नेमकी आमच्या मागं लागली. आता तुम्हीच सांगा, आपली रीत काय? वाजवणाऱ्यानं देवीकडं पाठ करायची नाही. तोंड पालखीकडं करून मागं-मागं पावलं टाकत वाजवायचं. पाठ दाखवली तर हात झडतो, असं आई लहानपणापासून सांगते. मी वळलो. हातांनी तर मला विचारलंच नाही. धुम्म कधी सुटलं नि पालखीचा ठेका कधी धरला, मलाच कळलं नाही. भोई खूश झाले, दोन म्हाताऱ्या फुगडी घालायला लागल्या, कुणीतरी माझ्या कपाळाला भंडारा फासला. आल्यापासून पहिल्यांदा मला सातारा बरा वाटला. बँड माझ्या पाठीशीच आहे असा माझा समज. (ढोल पोटाशी असला की दुसरं काही ऐकू येत नाही.) बँड चौकात डावीकडं वळून मैदानाकडं गेला होता. मागं-मागं चालणाऱ्याला चौक कुठून दिसणार? मी सरळ देवळात.

तिकडं ढोल नाही म्हटल्यावर सगळ्यांची पावलं चुकली. मांडवात शिरताना निम्मा बँड डाव्या पायावर, निम्मा उजव्यावर, नि एकजण म्हणे उभाच. वरातीमागून घोडं तसा मी धापा टाकत पोचलो, तोंड पिवळं, काखेत देवीचा नारळ. पाहुण्यांचं भाषण चाललं होतं. विषय शिस्त. ते थांबले नि माझ्याकडं बघत राहिले. सगळा मांडव हसला, मास्तर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ढोल गेला नि हातात ट्रँगल आला. ट्रँगल म्हणजे तीन कोनांत वाकवलेली सळी. दोऱ्याला टांगायची नि दुसऱ्या सळीनं टिंग करायचं, तेही सबंध चालीत दोनदा. बाकी वेळ धरून चालायचं. बाकीचे वाजायला लागले की ती टिंग माझी मलाच ऐकू येत नाही. मास्तर म्हणाले, "आता कुठल्याबी पालखीसंगं जा, बँडाचं काय अडत न्हाई." तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. तेव्हा मामा, मला इथून घेऊन जा. बापू ऐकून घेणार नाहीत, आई नुसती रडेल. तुम्ही घातलंत, तुम्हीच काढा.

शालूमामीला नमस्कार, जनावरांच्या पाठीवरून माझ्या वतीनं हात फिरवावा, नि गोठ्याच्या पायरीला जरा सुट्टी द्यावी.

आपला दुर्दैवी भाचा,
सयाजी

ता. क. – मास्तर म्हणालेत, येत्या शनिवारी पालकाला आणलं नाहीस तर ट्रँगलही काढून घेईन. बापूंना कळलं तर ते ढोल सोडून मलाच वाजवतील. म्हणून तुम्हीच या. कराडला मोटार बदलावी लागते. कोळशाची मोटार चढावर दमते, तेव्हा उतरून ढकलायला लावतील, ढकलावी.

पुन्हा ता. क. – वरचं ता. क. खोटं आहे. मास्तरांनी कुणालाही बोलावलेलं नाही. मला घेऊन जायचीही गरज नाही, कॉर्नेट वाजवता येईपर्यंत मी हलणार नाही. पण मामीच्या सांगण्यानं तुम्ही उठत नाही. मी विहिरीत पडलो होतो तेव्हा तुम्ही उष्ट्या हातानं धावत आला होतात. म्हणून वाटलं, पोरगं खड्ड्यात आहे म्हटलं तर उठाल.

अगदी शेवटचं – शनिवारी बँड पेठेतून जाणार आहे. ट्रंक माळ्यावरच राहू द्या, तुम्हाला कुणी वाजवायला सांगणार नाही. नुसतं रस्त्याच्या कडेला उभं राहा. पण आवं मामा, जवळ उभे राहा. माझी टिंग लांबून ऐकू येत नाही.