तळ्यातली खाज

५ ऑक्टो. ७९
वैनीच्या पायांवर परत पुरळ. गुडघ्यापर्यंत, खाजवून रक्त. तळ्यात उभ्या राहून कपडे धुणाऱ्या सगळ्या बायांची हीच गत. गाव म्हणतं, कारखान्याचं पाणी. दादा मोर्चा काढतोय. घोषणा माझ्याकडे. लिहिल्या, यमक टाळून. दादा म्हणाला, ह्या वरडायच्या कशा?

८ ऑक्टो.
कॉलेजात झूलॉजीच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, कारखान्याचं पाणी तळ्यात येतं कुठून? खरंच की. कारखान्याचा नाला तर सरळ खाडीत जातो. सर म्हणाले, गोगलगायी आहेत का तळ्यात? असतील तर ग्लासात घालून उन्हात ठेव, ते पाणी आण.

९ ऑक्टो.
नेलं. मायक्रोस्कोपखाली दुफाट्या शेपटीच्या अळ्या, नुसती वळवळ. सरांनी सांगितलं, गोगलगायीतून निघतात, कातडीत घुसतात. माणसात जगत नाहीत, तिथेच मरतात. तीच खाज. मूळ जंत गुराढोरांत. शेण पाण्यात, शेणातून गोगलगायीत.
तळ्यात डुंबतात त्या म्हशी आमच्याच.

१० ऑक्टो.
जेवताना दादाला सांगितलं. हातातला घास तसाच.
"मोर्चा परवावर आला न् तू आपल्याच म्हशींवर आळ घेतो? कारखान्यानं काय चारलं तुला?"
वैनी भाकरी थापत होती. थापणं थांबलं, परत सुरू.
सांगून होणार नाही. दाखवायला पाहिजे.

११ ऑक्टो.
अंगणात दोन बादल्या, दोन्हींत विहिरीचं पाणी. एकीत गोगलगायी. ऊन चढल्यावर डावा हात तिच्यात, उजवा नुसत्या पाण्यात. बाया जमल्या. वैनी म्हणाली, "भावोजी, भिजले की सांगा, पिळून वाळत घालते."
संध्याकाळी डावा लाल, फोड फोड. उजवा साफ. वैनीने माझा हात धरून आपल्या पायाशेजारी ठेवला. कोणी हसलं नाही.

१२ ऑक्टो.
मोर्चात गेलो. कारखान्याचा धूर काय खोटा नाही. पण घोषणांतलं तळं मी खोडलं होतं. दादा वाटभर माझ्यापासून चार पावलं पुढेच.

१४ ऑक्टो.
आज वैनीने म्हशी सोडल्याच नाहीत. दादापुढे बादली ठेवली.
"हितंच पानी घाला त्यांना. नायतर उद्यापासून कपडे तुमी धुवा."
दादा ओट्यावर बसून. मी विहिरीवरून खेपा घालतोय, म्हशींना पुरत नाही. रेकतायत. दमून लिहायला बसलो. खिडकीतून दादापुढची बादली दिसते, तशीच रिकामी.
दादा उठला. बादली उचलतो की म्हशींचं दावं सोडतो, बघतोय.