साइडकारमधली दुपार

मंगरूळपीर, रविवार, फाल्गुन १९३८

आज वसंताने फटफटीची साइडकार सोडवून अंगणात टाकली. चार मित्र आपापल्या फटफट्या घेऊन आले होते, पळसाच्या रानात जायला. मी सकाळपासून डोक्याला रुमाल बांधून तयार. मलाही नेईन, असं त्यानेच कबूल केलं होतं. हे हयात असताना दर फाल्गुनात याच साइडकारमध्ये बसून मी तो फुललेला पळस बघायला जायची.

"आई, पायवाट हातभर रुंद. हे डबडं झुडपात फसते," वसंता म्हणाला. मग कालच का नाही सांगितलं?

ते गेल्यावर मी साइडकारमध्ये जाऊन बसले. का बसले, कोण जाणे. तिथेच डोळा लागला. जाग आली ती फटफट्यांच्या आवाजाने.

"काय मावशी, कुठलोक पोचल्या?" एकाने विचारलं. सगळे हसले.

"बसू दे तिले," वसंता म्हणाला. "उद्या कबाडी येऊन राह्यला साइडकार न्याले. दोघीले संगच तोलू."

मीही हसले. उतरायला गेले तर पाय बधिर झालेले. हात पुढे केला. तो वसंताला दिसलाच नसेल, असं अजून मनाला सांगते आहे.