मावशीनं मंजूर केलेली रजा

प्रिय ठमे,

फोनवर नोकरीचा विषय काढला की तू 'कुकर झाला' म्हणतेस आणि ठेवून देतेस. एकट्या बाईला दिवसातून इतके कुकर कशाला लागतात, ते एकदा कळू दे मला. पत्राचं तसं नसतं. अर्धवट ठेवलंस तरी ते टेबलावरून तुझ्याकडे बघत राहील.

आमच्या आरोग्य खात्यात काय तमाशा झाला, तो आधी ऐक. निम्म्या खुर्च्या रिकाम्या आहेत. एक जण निवृत्त झाला की त्याचं काम शेजारच्याच्या गळ्यात पडतं आणि त्याला म्हणायचं 'अतिरिक्त कार्यभार'. डास मारायच्या फवारणीचे साहेब सध्या जन्म-मृत्यूचे दाखले देतात. मी सकाळी नेमणुका-बदल्यांच्या टेबलावर असते आणि दुपारी भांडारात. तर गेल्या महिन्यात माझ्या सकाळच्या टेबलावर एका दवाखान्यातल्या नर्सबाईंची तक्रार आली, हातमोजे मिळत नाहीत. मी तावातावानं भांडाराला खरमरीत पत्र लिहिलं, खुलासा मागितला. दोन दिवसांनी शिपायानं ते भांडाराच्या टेबलावर आणून ठेवलं. कामाच्या गर्दीत सही कोण बघतंय? माझं डोकंच फिरलं. लगेच उत्तर ठोकून दिलं, की सामान हलवायला माणसं नाहीत, आधी तुमच्या विभागानं जागा भराव्यात आणि मग आम्हाला शहाणपण शिकवावं. ते उत्तर सकाळच्या टेबलावर आलं, तेव्हा कोण हा उद्धट माणूस म्हणून मी सही बघितली, तर माझीच. काय सांगू तुला! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद वाचले आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग वरच्या बैठकीत त्यांनी तेच कागद ठेवले आणि म्हणाल्या, 'माझं खातं आता स्वतःशीच भांडायला लागलंय.' आजवरच्या आमच्या विनंत्यांना जे जमलं नाही ते माझ्या वेंधळेपणानं केलं. नर्सच्या जागा भरायला परवानगी मिळाली! मला तर सगळ्या ऑफिसला पेढे वाटावेसे वाटले.

त्यातली एक जागा पुलापलीकडच्या दवाखान्यातली आहे. तुझी. तू आईच्या आजारपणात राजीनामा दिलास तेव्हापासून तिथे आठवड्यातून एकदा उसनी नर्स येते. बाकीचे दिवस झाडलोट करणारी मावशी दार उघडून बसते. तू म्हणतेस, हात गेला माझा, आता सुई धरवायची नाही. अगं, अंथरुणाला खिळलेल्या आईच्या पाठीला शेवटपर्यंत एक जखम होऊ दिली नाहीस तू. तो हात गेला म्हणतेस? मी तुझी बहीण आहे, मला थापा मारू नकोस.

आता मुद्द्याचं. अर्ज सुरू झालेत. निवडीच्या कामातून मी स्वतः बाजूला झालेय, तेव्हा वशिल्याची आशा ठेवू नकोस, मुलाखत तुझी तूच द्यायचीस. आई गेल्यापासून तिचा अतिरिक्त कार्यभारही माझ्याकडेच आहे. जेवलीस का, झोपलीस का, विचारायचा. तो मात्र मी कुणाला देणार नाही. काल मुद्दाम त्या दवाखान्यात गेले होते. तान्हं मूल घेतलेली एक बाई दारात उभी राहून तुला विचारत होती. तू नोकरी सोडलीस हे मावशीला चांगलं ठाऊक आहे, राजीनाम्याचा कागद मीच तिच्यासमोर वाचला होता. तरी ती त्या बाईला म्हणाली, सिस्टर रजेवर आहेत, येतील. सगळ्यांना ती हेच सांगते म्हणे, इतके दिवस. तुझी खुर्ची पुसून ठेवते आणि उसन्या नर्सला स्टुलावर बसवते. मी तुझा राजीनामा मंजूर करून घेतला, पण मावशीनं अजून केलेला नाही. ठमे, रजा पुष्कळ झाली. कामावर ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच ताई