दवाखान्यासमोरच्या ढोकऱ्या

११ मे

समोरच्या शिरीषावर ढोकऱ्यांनी, म्हणजे त्या छोट्या बगळ्यांनी, घरटं मांडलंय! एका आजोबांच्या तोंडात कवळीचं माप धरून उभा होतो. मसाला घट्ट होईपर्यंत हलता येत नाही, म्हणून नजर खिडकीबाहेर. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे फांदी अगदी डोळ्यांसमोर. एक पक्षी चोचीत काटकी घेऊन आला. दुसऱ्याने ती घेतली, इकडे खोचली, तिकडे खोचली, शेवटी खाली टाकून दिली. पहिला निमूट दुसरी आणायला गेला.

ही पुढच्या टेबलावर नंबर लावायला बसते. तिथूनच म्हणाली, "बघा! आणणारा आणतोय आणि नावं ठेवणारी नावं ठेवतेय."

आजोबांना हसू आलं. माप बिघडलं. पुन्हा घेतलं.

१४ मे

वर्णन लिहून ठेवतो. थंडीत हाच पक्षी मागच्या नाल्याकाठी मातकट, रेघारेघांचा असतो. चिखलात बसला की अंगावर पाय पडेपर्यंत दिसत नाही. आणि उडाला की एकदम पांढराशुभ्र! पंख मिटून आत दडवलेले असतात. म्हणून काही जण वंचक म्हणतात. फसवणारा. आता विणीच्या दिवसांत पाठ काळपट तांबडी, मान पिवळसर, डोक्यावरून मागे लोंबणारी थोडी पांढरी पिसं. नर-मादी सारखेच दिसतात. कोण कोणता, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

२० मे

आणखी काही जोड्या आल्या. शेजारच्या घरट्यातल्या काटक्या सर्रास चोरतात — मालक वर बसलेला असतानाही!

३० मे

अंडी. निळसर हिरवी. दोघंही आळीपाळीने बसतात. पाळी बदलताना पिसं फुलवून घशातून खरखरीत काहीतरी बोलतात. भांडण की विचारपूस, कळत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, आमचंही कधी कधी कळत नाही.

जेवणानंतर बातम्या बघत होतो. उजवा हात मांडीवर. अंगठा आणि शेजारचं बोट आपोआप हलत होती, गोळी वळल्यासारखी. चष्मा उचलला, तर थांबली. निरीक्षण एवढंच. निष्कर्ष काढत नाही.

२२ जून

सकाळी दोन पिल्लं बाहेर. उरलेली अंडी अजून तशीच. पहिलं अंडं घातलं की लगेच बसायला लागतात, म्हणून सगळी एकदम फुटत नाहीत. शेवटून येणारं लहानच राहणार.

खालचा चष्मेवाला वर आला. "डॉक्टर, तुमच्या पाहुण्यांनी माझ्या पाटीचं काय केलंय बघा! 'सगळं स्पष्ट दिसेल' लिहिलंय. त्यातलं 'स्पष्ट'च दिसत नाही!"

पाहुणे माझे कसे, विचारलं. म्हणाला, "दिवसभर खिडकीतून बघत कोण असतं?" झाड तोडून टाका म्हणून पालिकेकडे अर्ज करतोय. माझीही सही हवी. बघू म्हणालो.

२७ जून

आई-बाप मासे, बेडूक गिळून आणतात आणि घरट्यात ओकतात. पिल्लं त्यावर तुटून पडतात. सर्वांत धाकट्याला उरलंसुरलं मिळतं. कधी तेही नाही. मोठं पिल्लू त्याच्या डोक्यात चोच मारतं. आई शेजारी उभी राहून दुसरीकडे बघते.

दाढ काढायला या महिन्यात कोणीच नाही. कवळ्या, साफसफाई, एखादी दाढ भरणं — बस्स. हिला विचारलं, "गावाच्या दाढा एकदम सुधारल्या की काय?"

"वास येतो ना हो खाली," ही म्हणाली. "मेलेल्या माशांचा. कोण जिना चढेल?"

वास येतो हे खरं.

३ जुलै

लाँड्रीवाला जिन्याखाली भेटला. गाल सुजलेला, तोंडात कापूस. दाढ काढलीय हे सांगायला नको. कुठे काढली, विचारलं. तो कपड्यांचे गठ्ठे मोजायला लागला. मग पुटपुटला, "पुलापलीकडे. त्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे."

सतरा वर्षं हा माणूस माझ्याकडे येतोय! माझ्या जिन्याखाली राहतो आणि दाढ काढायला पूल ओलांडून जातो. "इथल्या घाणीमुळे का?" विचारलं. मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कापसामुळे कळलं नाही.

६ जुलै

अर्जावर सही केली. पिल्लं उडून गेल्यावरच झाड पाडावं, एवढं शेवटी लिहायला लावलं. चष्मेवाला म्हणाला, "तुम्ही सांगाल तसं, डॉक्टर." फार खुशीत होता.

हिला सांगितलं. वाटलं होतं, म्हणेल बरं झालं, वासाची कटकट गेली. तिने मिठाची गुळणी धरली. दातांच्या डॉक्टरची बायको — गुळणीची सवयच आहे म्हणा! पण रात्रीच्या भाजीत मीठ विसरली.

११ जुलै

पिल्लं आता घरटं सोडून फांद्यांवर चढतात. पंखांचा उपयोग अजून नाही. चोच फांदीत अडकवायची आणि पायांनी अंग वर ओढायचं. म्हातारा माणूस काठी टेकत जिना चढतो तसं. चारा आला की सगळी मागे घरट्याकडे.

धाकटं आज खाली पडलं. आई-बाप खाली उतरले नाहीत, वरच्यांना भरवत राहिले. ही टॉवेल घेऊन खाली गेली. लाँड्रीवाल्याची शिडी लावून तिने स्वतः त्याला खालच्या फांदीवर ठेवलं. मी वरून म्हणालो, "जगणार नाही ते."

"माहीत आहे," म्हणाली. शिडी धरायला मला बोलावलं नाही.

१२ जुलै

खालच्या फांदीवर काही नाही.

१६ जुलै

शाळेतल्या बाई दाढ भरून घ्यायला आल्या होत्या. यंत्र हातात, चालू. आजवर हातात काही धरलं की थरथर थांबायची. आज थांबली नाही. यंत्र घसरलं. हिरडीवर छोटा ओरखडा, रक्त. बाईंना भूल दिलेली होती, कळलं नाही.

ही शेजारी नळी धरून उभी होती. तिने रक्त टिपलं, कापूस बदलला. माझ्याकडे बघितलं नाही. मी दुसऱ्या हाताने मनगट दाबून धरलं आणि काम पूर्ण केलं. व्यवस्थित झालं. पण जीभ असती तर? गाल असता तर?

बाईंना आरशात दाखवून सांगितलं, थोडं खरचटलंय, माझ्या हातून. त्या म्हणाल्या, "अहो, एवढ्याशाचं काय, डॉक्टर!" उलट त्यांनीच मला धीर दिला. त्या गेल्यावर बराच वेळ हात धूत राहिलो. बाहेर एक ढोकरी फांदीवर मान खांद्यात खुपसून बसली होती. अर्धा तास तरी तशीच असेल. एक पीस हललं नाही. हेवा वाटला. पक्ष्याचा हेवा! लिहायलाच नको होतं. असू दे.

१९ जुलै

सकाळीच पालिकेची माणसं आली. करवत, दोर, गाडी. पिल्लं अजून फांद्यांवरच — एक-दोन कशीबशी शेजारच्या छपरापर्यंत उडतात, बाकीची नाही. खिडकीतून ओरडलो, "पिल्लं उडाल्यावर असं लिहिलंय अर्जात!" मुकादम म्हणाला, "अर्ज वाचायला कोण बसलंय साहेब? तोड म्हटलं की तोड."

करवत सुरू झाली. ढोकऱ्या उडाल्या, सगळं झाड क्षणात पांढरं! पिल्लं फांद्यांना चिकटून राहिली. मी पुन्हा ओरडलो, "बंद करा! पेशंट खुर्चीत आहे! हादऱ्याने माझा हात हलेल!"

करवत थांबली. डॉक्टरचा हात म्हटल्यावर कोण वाद घालणार? "महिनाअखेरीस येतो," मुकादम म्हणाला. माणसं चहाला गेली.

खुर्चीत कोणी नव्हतं. मागे वळलो तर ही दारात. 'माझा हात हलेल' हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोललो होतो. सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं. तिलाही.

मी रिकाम्या खुर्चीचा दिवा विझवला.

२० जुलै

हिला सांगितलं. सगळं. म्हणाली, "मला थंडीपासून माहीत आहे." दाढ काढायला जो येईल त्याला तीच पुलापलीकडे पाठवत होती. लाँड्रीवाल्यालाही तिनेच पाठवलं, वर गप्प राहायला सांगितलं. वासाची, जिन्याची सबब तिने रचलेली, माझ्या मनाला लागू नये म्हणून. आणि मी त्यावर विसंबून झाड तोडायला सही करून आलो! मेंदूच्या डॉक्टरांकडे माझा नंबर तिने कधीच लावून ठेवलाय. उद्या सकाळचा. वाटेत पालिकेत उतरायचं आहे — सही परत घ्यायला.