फ्रिजात सुटलेली लेबलं

मंगळवार, संध्याकाळ

आज माझ्या छापखान्यातून लेबलांचे नवे रोल घेऊन नगरच्या दवाखान्यात गेलो होतो. लॅबबाहेर बसलो असताना आतून सिस्टरचा आवाज आला, "अगं, रक्ताच्या दोन नळ्यांची लेबलं फ्रिजात गळून पडलीत. रक्त चढवायचंय त्या मावशींची कुठली?"

दुसरी म्हणाली, "डावीकडची असंल. लाव परत."

मी न विचारताच आत शिरलो. "ताई, अंदाजानं लावू नका!"

फ्रिजच्या तळाशी माझंच लेबल, ओलं, पालथं पडलेलं. लोणच्याच्या बरण्यांना देतो तोच कागद. विकताना कोरड्या नळीला चिकटवून, नखानं ओढून दाखवत केवढी ऐट केली होती मी! गारठ्यात ठेवून बघायचं कसं सुचलं नाही? रक्तगट चुकला असता तर? ते पालथं लेबल डोळ्यांसमोरून हलत नाही.

डॉक्टरांना सांगितलं, चूक माझी, सगळे रोल परत नेतो, दोघांचं रक्त पुन्हा घ्या.

रक्त चढवायचं होतं त्या मिरजगावच्या मावशी भडकल्या. "आरं, पयलं रगत इकलं व्हय?"

"न्हाई मावशी. माझं लेबल सुटलं. तुमचं कुठलं, तेच कळंना."

मावशींनी दुसरा हात पुढं केला. "घ्या. पर आता नळीवर माझं नाव लागलेलं मी बघंस्तवर ती हलवायची न्हाई."