पाच बोटांचा खुलासा

लेरोस बेट, ग्रीस, बंदरामागची गल्ली

तीर्थरूप पोलिक्सेनी ताईस,

धाकट्या पंडेलिसचा एका हाताचा नमस्कार. दुसरा प्लास्टरमध्ये आहे. तो तू पाहिलाच आहेस, आणि त्याच्यामुळेच तू माझा फोन उचलत नाहीस. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची साखर? पिरेअसला अजून थंडी आहे का? आम्ही इकडे खुशाल. उजवा हात जायबंदी, म्हणून हे पत्र मी सांगतो आहे आणि झम्बेता लिहिते आहे. मी सांगेन तेवढंच लिही, असं बायकोला बजावलं आहे. (वन्सं, कंसातलं सगळं माझं. यांच्या सांगण्यावर विसंबू नका. झम्बेता.)

ताई, धक्क्यावर जे घडलं त्यात माझा काडीचाही दोष नाही, दोष हाडांचा आहे. बोट सुटली, तू वर कठड्याशी आलीस, मी निरोपाचा हात केला, आणि अख्ख्या बोटीने पाहिलं की धाकट्या भावाने थोरल्या बहिणीला पाच बोटं पसरून तळहात दाखवला. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते शेंबडं पोरही जाणतं. तोंडाला काळं फासलेलं एकवेळ माणूस विसरेल, ही शिवी नाही विसरत. त्यातून आदल्या दिवशी आपलं आईच्या पालक भरलेल्या पाईत शेपू असायचा की नाही यावरून वाजलेलं. (असायचा.) तेव्हा तू मनाला लावून घेतलंस यात नवल नाही. पण आधी माझं ऐक.

ऑलिव्ह काढताना मी झाडावरून पडलो हे तुला ठाऊक आहे. (झाडावरून नाही. शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून.) दवाखान्यातली डॉक्टर मालामा तिशीचीही नसेल, पण बोलणं सासूचं. म्हणाली, काका, कोपरापासून मनगटापर्यंत तुम्हाला एक नाही, दोन हाडं आहेत. करंगळीकडचं कोपराला बिजागरीसारखं धरून बसतं, ते घरबशं. अंगठ्याकडचं भटकं. त्याचं गोल डोकं कोपराशी कड्यात फिरतं आणि खालचं टोक मनगटाशी पहिल्याला वळसा घालतं. तळहात आभाळाकडे केला की दोघं शेजारी शेजारी, जमिनीकडे केला की भटकं घरबशावर आडवं पडतं. मी म्हटलं, अगं, हे तर आमचंच घर! घरबशा मी, आणि लग्न करून पिरेअसला गेलेली आमची ताई भटकी. (डॉक्टर म्हणाली, काका, हात हलवू नका.)

तर माझं मोडलं ते भटकं, आणि त्या दणक्याने घरबशाचा मनगटाजवळचा सांधा निखळून टोक तळव्याच्या बाजूला आलं. तळहात खाली वळवला तरच ते जागेवर राहतं, म्हणून तसाच वळवून दंडापासून बोटांच्या मुळांपर्यंत प्लास्टर थापलं. वर ताकीद, सूज आहे तोवर हात छातीच्या वर धरा आणि बोटं पसरून हलवत राहा. आता तू कोपर वाकव, तळहात पालथा ठेव आणि हात वर धरून बघ समोर काय दिसतं. (मी करून बघितलं, वन्सं. समोर हेच होते. बरं वाटलं.)

तेव्हापासून गावात मला तोंड दाखवायची सोय नाही. देवळात आपले पाद्री, पापा मिखालिस, प्रसादाचा पाव वाटत होते. रांगेत माझी पाळी आली आणि हात थेट त्यांच्या दाढीसमोर. म्हणाले, पंडेलिस, ईस्टरआधीचे उपास झेपत नसतील तर सोड, पण राग माझ्यावर का काढतोस? तिथून थेमेलिसच्या दुकानात गेलो. एक कॉफी मागायला हात वर केला तर पाच आल्या, आणि पाचांतही मीठ. (हे दोन प्यायले तरी. फुकट होत्या.)

हे सगळं मी हसण्यावारी नेतो. पण ताई, आपण कितीही भांडलो तरी तुझा फोन कधी चुकला नव्हता. आता फोन वाजला की मी धावतो आणि दर वेळी झम्बेताची बहीण निघते. तुझा आवाज ऐकल्याशिवाय मला करमत नाही. (इथे हे उठून पाणी पिऊन आले.) शेपूचं म्हणशील तर, असेलही.

तुझा,
नाइलाजाने पालथ्या हाताचा,
पंडेलिस

ता. क. प्लास्टर ईस्टरच्या आधी निघेल. तळहात पुन्हा पुरता वर वळेल की नाही, ते डॉक्टर सांगत नाही.

ता. क. (झम्बेताचा) वन्सं, हे कॉफीला गेलेत म्हणून लिहिते. हाडं, सांधे, सगळं खरं आहे. पण तुम्ही निघालात तोवर सूज कधीच उतरली होती आणि हात झोळीत पोटाशी असायचा. तो यांनी मुद्दाम बाहेर काढला. तुमच्यासाठी नाही, कप्तानासाठी. त्या दिवशी बोट धक्क्याला लागली न लागली तोच सुटली आणि यांची तुम्हाला मिठी मारायची राहून गेली. साठी उलटलेला माणूस धक्क्यावर उभा राहून रडत होता आणि बोटीला शिव्या घालत होता. तेवढ्यात तुम्ही कठड्याशी आलात. हे सांगायची लाज वाटते म्हणून एवढं हाडांचं पुराण. फोन उचला.

ता. क. हे मी डाव्या हाताने लिहितो आहे, समजून घे. तिचं वाचलं. ईस्टरला ये. पण कप्तानाला यातलं काही कळू देऊ नकोस, यायला दुसरी बोट नाही.